कापडापासून काळजापर्यंत : ऊती-अभियांत्रिकीतील तरुण संशोधकांची वाटचाल



आजच्या विषयाचे नाव ऐकून हा केवळ डॉक्टरांचा आणि शास्त्रज्ञांचा प्रांत आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु या विषयाचा एक उगम कापडाच्या दुकानात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात मायकेल डिबेकी नावाचे शल्यविशारद रोगग्रस्त महाधमनीच्या जागी बसवता येईल अशा वस्तूच्या शोधात होते. नायलॉनचे कापड घ्यावे म्हणून ते एका मोठ्या दुकानात गेले. नायलॉन संपले होते. विक्रेत्याने नव्यानेच बाजारात आलेले डेक्रॉन पुढे केले. डेक्रॉन म्हणजे आपले पॉलिएस्टरच. डिबेकींनी त्यातले एक वार कापड घेतले आणि घरी जाऊन पत्नीच्या शिलाई यंत्रावर त्याची नळी शिवली. पुढे असे दिसून आले की शरीरात नायलॉन कालांतराने दुबळे होते, डेक्रॉन मात्र टिकते. आजही धमन्यांच्या शस्त्रक्रियेत पॉलिएस्टरच्या विणलेल्या नळ्या वापरल्या जातात. हवा तो माल नसताना गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत न पाठवणाऱ्या त्या विक्रेत्याचेही वैद्यकावर उपकारच म्हणायचे!

परंतु कापड ते कापडच. लहान बालकाच्या छातीत बसवलेली पॉलिएस्टरची नळी बालकाबरोबर वाढत नाही. कापडाचे यकृत करता येत नाही, कापड रक्त शुद्ध करीत नाही. निकामी झालेल्या अवयवाच्या जागी दुसऱ्या मनुष्याचा अवयव बसवणे हाच आजवरचा मार्ग, आणि तो मिळणे किती दुर्लभ आहे हे ज्या घरावर तो प्रसंग आला त्यांनाच ठाऊक. भारतात २०१३ साली सर्व प्रकारची मिळून ४,९९० अवयव प्रत्यारोपणे झाली; २०२३ साली ती संख्या १८,३७८ झाली. वाढ खरोखर मोठी आहे. तरीही यांतील बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी दिलेले असतात, आणि प्रतीक्षा यादी काही संपत नाही. रुग्णाच्याच पेशी घेऊन त्यांपासून नवी ऊती, म्हणजे शरीराचे जिवंत वस्त्र, प्रयोगशाळेत विणता येईल का, हा प्रश्न या शास्त्राचा गाभा आहे. त्यालाच ऊती-अभियांत्रिकी म्हणतात.

हे काम प्रत्यक्ष कोण करते? वृत्तपत्रात छायाचित्र येते ते प्राध्यापकांचे. रात्री अकरा वाजता प्रयोगशाळेत पेशींना अन्न घालणारा मात्र बहुधा पीएच. डी. झालेला, तिशीच्या आसपासचा एक तरुण किंवा तरुणी असते. त्याला पोस्ट-डॉक्टरल संशोधक, बोलीभाषेत ‘पोस्ट-डॉक’ म्हणतात. तो विद्यार्थी राहिलेला नसतो आणि नोकरदारही झालेला नसतो. दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याने मिळवलेल्या निधीवर तो काम करतो. व्यापारी कुटुंबातील वडीलधाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगणे अवघड असते. ‘शिक्षण तर संपले ना? मग पेढीवर का येत नाही? नाहीतर नीट नोकरी तरी का धरत नाही?’ हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांचे उत्तर समजण्यासाठी एका पोस्ट-डॉकची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

रॉबर्ट लँगर हे रसायन-अभियंते. १९७४ साली त्यांनी केंब्रिज येथील एमआयटी या विख्यात संस्थेतून डॉक्टरेट मिळवली. तेव्हा जगात तेलाची टंचाई होती, त्यामुळे तेल कंपन्या रसायन-अभियंत्यांना मोठमोठ्या पगाराचे देकार देत होत्या. लँगर यांनाही अनेक देकार आले. त्यांनी ते नाकारले आणि बोस्टनच्या बालरुग्णालयात ज्युडा फोकमन या शल्यचिकित्सकांच्या प्रयोगशाळेत पोस्ट-डॉक म्हणून दाखल झाले. डॉक्टरांच्या त्या मेळ्यात हा एकटा अभियंता.

फोकमन यांचे म्हणणे असे होते की कर्करोगाची गाठ वाढण्यासाठी तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटूच दिल्या नाहीत तर गाठ उपाशी राहील. बहुतेक तज्ज्ञांना ते पटत नव्हते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तेव्हा तिच्यात त्यांना रोखणारा काही पदार्थ असावा, तो शोधून काढणे हे लँगर यांचे काम. त्यासाठी ते कत्तलखान्यातून गायीची हाडे आणून त्यांवरील कूर्चा खरवडत. ही गोष्ट या सभेत सांगताना संकोच वाटणे साहजिक आहे. पण ती झाकून ठेवणेही योग्य नव्हे, कारण या विषयाकडे पुढे वळावेच लागणार आहे. हाती आलेल्या पदार्थाची परीक्षा करायची, तर तो शरीरात कित्येक दिवस थेंबाथेंबाने झिरपत राहणे आवश्यक होते. प्रथिनासारखे मोठे रेणू प्लास्टिकसारख्या पदार्थातून असे झिरपू शकत नाहीत, ही त्या काळची ठाम समजूत. लँगर यांनी शेकडो प्रकारे प्रयत्न केले, बहुतेक सगळे फसले. शेवटी एक साधला आणि १९७६ साली फोकमन यांच्यासह त्यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एवढ्यावर भाग्य उजळले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. त्यांनी अनुदानासाठी केलेले पहिले नऊ अर्ज फेटाळले गेले. रसायन-अभियांत्रिकीच्या विभागांनी त्यांना घेतले नाही, कारण त्यांचे काम अभियांत्रिकी वाटत नव्हते. वैद्यकाला ते वैद्यक वाटत नव्हते. अखेर एमआयटीच्याच पोषण व अन्नशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली, आणि तेथील ज्येष्ठांनीही त्यांना दुसरी नोकरी पाहण्याचा सल्ला दिला! आज शरीरात हळूहळू झिरपणाऱ्या कितीतरी औषधांच्या मुळाशी त्या फसलेल्या प्रयत्नांतून मिळालेले ज्ञान आहे. कोरोनाच्या साथीत लस देणारी मॉडर्ना ही कंपनी २०१० साली स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत लँगर आहेत.

त्याच बालरुग्णालयात जोसेफ वॅकॅन्टी हे लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचे शल्यविशारद होते. यकृत वेळेवर न मिळाल्याने मुले दगावताना त्यांनी पाहिली होती. त्यांनी लँगर यांना विचारले की यकृताच्या पेशी बाहेर वाढवून शरीरात बसवता येतील का? पातळ थरात पेशी जगत. थर जाड केला की आतल्या पेशी मरत. याचे कारण साधे आहे. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी एखाद्या सूक्ष्म रक्तवाहिनीपासून फार तर एक-दोन दशांश मिलिमीटर अंतरावर असते. त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. १९८६ साली केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यावर बसले असता वॅकॅन्टींचे लक्ष पाण्यात डोलणाऱ्या शेवाळाकडे गेले. त्याच्या फांद्यांना उपफांद्या, त्यांना आणखी उपफांद्या, आणि त्यामुळे थोड्या जागेत पाण्याला स्पर्श करणारा पृष्ठभाग कितीतरी मोठा. पेशींसाठी असाच जाळीदार, फांद्याफांद्यांचा आधार का करू नये?

तो आधार कशाचा करायचा? शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा तोवर वापरात आला होता. त्याच जातीच्या तंतूंचा नमद्यासारखा न विणलेला पट्टा, ज्याला बाजारात ‘नॉन-वोव्हन’ म्हणतात, तो करून त्यावर पेशी पेरायच्या. पेशी वाढत जातात, स्वतःभोवती स्वतःचे जाळे तयार करतात. आणि धागा हळूहळू विरघळून नाहीसा होतो. घर बांधून झाल्यावर परांची उतरवावी तसे. १९९३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लँगर आणि वॅकॅन्टी यांचा ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ हा लेख आला आणि या शास्त्राला जगन्मान्यता मिळाली.

आता छपाईकडे वळू. पट्ट्यावर पेशी पेरताना कोणती पेशी कुठे बसेल यावर ताबा राहत नाही. ठसा उमटवावा तशी प्रत्येक पेशी नेमकी ठेवता आली तर? २००३ साली अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयात असतो तसला साधा छपाईयंत्राचा सांगाडा घेऊन, शाईच्या जागी पेशी भरून, त्या जिवंत छापून दाखवल्या. पुढे मेंदीच्या कोनासारखी पद्धत अधिक रूढ झाली. बारीक तोंडाच्या नळीतून दाट शाईची रेघ सोडायची, रेघेवर रेघ, थरावर थर. संगणक सांगेल तशी आकृती उभी राहते.

ऐकायला सोपे आहे. कष्ट सारे शाईत आहेत. शाई पातळ असेल तर रेघ पसरते आणि घट्ट असेल तर आत कोंडलेल्या पेशींना हालचाल करता येत नाही. नळीचे तोंड बारीक केले तर रेघ सुबक येते, पण तेवढ्या घर्षणाने पेशी फाटून मरतात. छापायला वेळ लागला तर पेशी सुकतात. शाईला दाबाखाली वाहता यावे आणि दाब सुटताच थिजता यावे, असे दोन्ही गुण एकत्र हवेत. छपाईच्या धंद्यातील मंडळींच्या ध्यानात आलेच असेल की ही अडचण नवी नाही. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगांची छपाई करताना रंग पसरू नये म्हणून त्यात सोडियम अल्जिनेटची दाट खळ मिसळतात. पिठाची खळ चालत नाही, कारण ती स्वतःच रंगाशी संयोग पावते. अल्जिनेट समुद्रातील तपकिरी शेवाळापासून मिळते. पेशींच्या छपाईतही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शायांपैकी एक हीच आहे. कॅल्शियमच्या क्षाराचा स्पर्श होताच ती क्षणात गोठते. पाली-बालोतऱ्याच्या छपाईघरांना परिचित असलेला पदार्थ हार्वर्डच्या प्रयोगशाळेतही सापडतो, याचे नवल वाटण्याजोगे आहे.

तरी मूळ अडचण उरतेच, ती रक्तवाहिन्यांची. त्वचा पातळ असते, कूर्चेत आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात, मूत्राशय म्हणजे एक पोकळ पिशवी. म्हणून या ठिकाणी यश आधी आले. अँथनी अटाला यांनी रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून वाढवलेली मूत्राशये सात तरुण रुग्णांत बसवल्याचा अहवाल २००६ साली दिला. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे भरीव अवयव मात्र हुलकावणी देत राहिले. २०१९ साली हार्वर्डच्या वीस संस्थेत जेनिफर लुईस यांच्या गटातील मार्क स्कायलर-स्कॉट व सेबास्टियन उझेल या तरुण संशोधकांनी विचाराचा क्रम उलटा केला. अवयव छापत बसण्याऐवजी त्यांनी पेशींचे लक्षावधी सूक्ष्म गोळे दाबून जिवंत गारा तयार केला आणि त्या गाऱ्यात नुसत्या वाहिन्यांच्या वाटा छापल्या. वाटांची शाई जिलेटिनची. ऊब मिळताच ती वितळून वाहून गेली आणि मागे पोकळ मार्ग उरले. त्यांतून पोषक द्रव वाहू लागला. ज्या तुकड्यांत अशा वाटा नव्हत्या, त्यांच्या गाभ्यातील पेशी बारा तासांत मेल्या. वाटा असलेले हृदयपेशींचे तुकडे आठवडाभरात एका तालात धडधडू लागले. त्याच वर्षी तेल अवीव विद्यापीठात ताल द्वीर यांच्या गटाने रुग्णाच्या ऊतीपासून चेरीच्या फळाएवढे हृदय छापले. ‘हृदय छापले’ अशा ठळक बातम्या झळकल्या. त्या हृदयातील पेशी आकुंचन पावत होत्या. परंतु रक्त पुढे ढकलण्याएवढी एकजूट त्यांच्यात नव्हती, हे संशोधकांनी स्वतः सांगितले होते. बातमीच्या मथळ्यात ते येत नाही.

मथळ्यांच्या मोहाने काय अनर्थ होतो, याचे उदाहरण स्वीडनमध्ये घडले. २०११ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने एका रुग्णात प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. तिच्यावर रुग्णाच्या मूलपेशी पेरल्या होत्या, त्यामुळे ती जिवंत होईल असा दावा होता. जगभर वाहवा झाली. ती नळी जिवंत झाली नाही. तिला रक्तपुरवठाच नव्हता, आणि प्राण्यांवरील पुरेशी परीक्षाही आधी झालेली नव्हती. त्या रुग्णालयात अशा नळ्या बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले. शोधनिबंधात मात्र सारे कुशल मंगल लिहिलेले होते. २०१४ साली तेथीलच चार डॉक्टरांनी रुग्णांचे मूळ कागद शोधनिबंधांशी पडताळून तक्रार केली. संस्थेने आधी शल्यविशारदालाच निर्दोष ठरवले, आणि तक्रारदारांना मनस्ताप सोसावा लागला. २०१६ साली दूरचित्रवाणीवर माहितीपट दाखवला गेल्यावर चक्रे फिरली. २०१८ साली ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतले, २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. वहीखाते तपासणाऱ्या माणसाला या प्रकरणातले मर्म चटकन उमगेल. रोजकीर्द आणि ताळेबंद जुळत नव्हते, आणि ते पाहण्याचे धैर्य वरच्या खुर्चीत बसलेल्यांनी दाखवले नाही.

याच सुमारास मिशिगन विद्यापीठात ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांनी केलेले काम मुद्दाम शेजारी ठेवून पाहावे. २०१२ साली तीन महिन्यांच्या एका बालकाची श्वासवाहिनी इतकी मऊ होती की ती पुनःपुन्हा मिटे आणि श्वास थांबे. त्यांनी त्या वाहिनीच्या मापाचा विरघळणाऱ्या प्लास्टिकचा एक छोटा आधार छापला आणि वाहिनी त्याला बाहेरून टाके घालून टांगली. त्यात पेशी नव्हत्या, जिवंत अवयवाचा दावा नव्हता. सुमारे तीन वर्षांत तो आधार विरघळेल, तोवर बालकाची स्वतःची कूर्चा बळकट होईल, एवढाच हिशेब. औषध प्रशासनाची आणीबाणीची परवानगी रीतसर घेतली होती. मूल वाचले. या दोन घटनांतील पहिलीला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी दुसरीला मिळाली नाही, हे जगरहाटीला धरूनच झाले.

आता त्या संकोचाच्या प्रश्नाकडे. या शास्त्रातील पुष्कळसा माल प्राणिज आहे. जिलेटिन आणि कोलॅजेन हे जनावरांच्या कातडी-हाडांपासून येतात, पेशींच्या खाद्यात न जन्मलेल्या वासराच्या रक्ताचा अंश वापरला जातो, रेशमाचे प्रथिन कोशांपासून काढतात. आपल्या दिल्लीच्या आयआयटीत वस्त्र-तंत्रज्ञान विभागातील सौरभ घोष यांनी अमेरिकेतील डेव्हिड कॅप्लन आणि जेनिफर लुईस यांच्यासह रेशमाच्या शाईने सूक्ष्म जाळ्या रेखण्याचे काम २००८ साली प्रसिद्ध केले. वस्त्रविद्येचा माणूस या क्षेत्रात अग्रभागी असणे अभिमानास्पद आहे. पण शाई रेशमाची आहे, हेही तितकेच खरे. अहिंसेचा विचार करणाऱ्याला येथे थांबून विचार करावाच लागतो. नाण्याची दुसरी बाजू अशी, की हेच शास्त्र पर्यायही निर्माण करीत आहे. इस्रायलमधील कॉलप्लांट ही कंपनी मानवी कोलॅजेन तंबाखूच्या रोपात तयार करते. तंबाखूचा एवढा सदुपयोग क्वचितच झाला असेल! अल्जिनेट वनस्पतिजन्य आहे. वासराच्या रक्ताविना पेशी वाढवणारी खाद्यद्रव्येही वाढत्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली आहेत. औषधांच्या चाचण्या प्राण्यांऐवजी मानवी पेशींच्या छापलेल्या ऊतींवर करता येतील, हा विचार कायद्यातही उतरला. अमेरिकेत २०२२च्या डिसेंबरात नवीन औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढली गेली. भारतातही २०१९च्या औषध चाचणी नियमांत २०२३च्या मार्चमध्ये दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना स्थान मिळाले. सक्ती गेली म्हणजे चाचण्या थांबल्या असे नव्हे. तरी दार उघडले आहे.

अर्थकारणाविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२४ साली पहिल्या वर्षाच्या पोस्ट-डॉकसाठी ठरवलेले वार्षिक विद्यावेतन ६१,००८ डॉलर होते. रुपयांत गुणाकार केला की आकडा डोळ्यांत भरतो. बोस्टनचे घरभाडे वजा केले की उतरतो. मुदत संपल्यावर प्राध्यापकाची जागा सर्वांना मिळत नाही, बहुतेकांना उद्योगात किंवा अन्यत्र वळावे लागते. घरच्यांनी हे आधीच समजून घेतलेले बरे. म्हणजे मुला-मुलीला दर दिवाळीला तोच खुलासा करावा लागणार नाही.

शेवटी हैदराबादची हकिकत. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांच्या संशोधकांनी डोळ्याचे पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, छापून २०२२ साली सशाच्या डोळ्यात बसवल्याचे जाहीर केले. नेत्रसंस्थेतील सायन बसू आणि विवेक सिंह हे या कामाचे प्रमुख. मानवी पटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पण ते काचेसारखे नितळ हवे, आणि तिथेच छपाईची कसोटी लागते, कारण शाईतील किंचितशी गढूळताही दृष्टीला चालत नाही. या संशोधकांनी शाईसाठी जनावराचा पदार्थ किंवा कृत्रिम रसायन घेतले नाही. माणसाच्याच पटलातील पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळ्यापासून त्यांनी शाई केली आणि मानवी डोळ्यातील मूलपेशी तिच्यात मिसळल्या. नेत्रपेढीत आलेले प्रत्येक पटल प्रत्यारोपणाच्या योग्यतेचे निघत नाही. दाता वृद्ध असेल किंवा पटलाच्या आतील बाजूच्या पेशी कमी झालेल्या असतील, तर ते रुग्णाला बसवता येत नाही. नेत्रदानाच्या वेळी कुटुंबाची संमती असेल तर असे पटल संशोधनासाठी दिले जाते.